कळमाच्या पाच फांद्या

दित्या,

तुझ्या घराच्या मधल्या खांबाला, माणसाच्या डोक्याच्या वर हातभर, लाल फडक्याची एक पुरचुंडी बांधलेली आहे. गेली दोन वर्षं मी ती पाहत होतो. चहाची बशी हातात घेऊन त्याच खांबाला टेकून बसायचो आणि वर बघत विचारायचो, "दित्या, हाई काय टांगेल शे?" तू म्हणायचास, "बियानं." सगळी नोकरी मी लोकांच्या मोळ्या सोडून आत काय दडवलंय ते शोधण्यात घालवली. ही एक पुरचुंडी मात्र मला कधी सोडून बघावीशी वाटली नाही.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. मोहाची फुलं वेचून आलास, टोपली ओट्यावर ठेवलीस, पाणी मागितलंस आणि पाणी येईपर्यंत थांबला नाहीस. मी तेव्हा शहाद्याजवळ आमच्या गावी केळीच्या बागेत नळ्या सरळ करत होतो. फोन आला तर आधी फोन करणाऱ्यावरच ओरडलो, असली मस्करी करतात का म्हणून. एसटीनं धडगाव आणि तिथून जीपनं तुझ्या पाड्यावर पोचेपर्यंत तुला नेलंही होतं. मला तुझं तोंड दिसलं नाही. हे मी घरीसुद्धा कोणाला बोललो नाही.

आपली ओळख काही चांगल्या मुहूर्तावर झाली नव्हती. मी नवा वनरक्षक, तुमच्या तोंडी 'गारड', अंगावर कडक इस्त्रीची खाकी, आणि तू शिवणाचा ओंडका खांद्यावर घेऊन उतारावरून समोर आलास. ढोल करायला नेत होतास. मी तुला धरलं. रीतसर पंचनामा केला, आणि मग लक्षात आलं की माल जप्त तर झाला, पण तो ऑफिसपर्यंत न्यायचा कोणी? तू माझ्या दंडाकडे पाहिलंस आणि विचारलंस, "हाऊ ओंडका तू उचलशी का?" शेवटी चोरीचा माल चोराच्याच खांद्यावर आणि मी मागून रिकाम्या हातानं, अशी आपली वरात चार कोस निघाली. वाटेत दोनदा तू थांबलास, दोन्ही वेळा मला पाणी पाजलंस. तो ओंडका ऑफिसच्या मागं पडून राहिला आणि वाळवीनं खाल्ला. त्या वर्षी तुझ्या पाड्याच्या होळीत मोठा ढोल नव्हता. हे तू मला कधीच ऐकवलं नाहीस. दुसऱ्या कोणीतरी सांगितलं, तेही माझी तिथून बदली झाल्यावर.

मग मी निवृत्त झालो आणि एके दिवशी तू आमच्या ओट्यावर येऊन बसलास. पायात धूळ, हातात पिशवी. तरुणपणी आमच्या पट्ट्यात ऊस तोडायला येत होतास, त्यामुळे तुझी अहिराणी माझ्या बायकोसारखी सरळ. घरी तुम्ही पावरी बोलायचात, माझ्याशी मात्र कायम आमची बोली. माझी पावरी ऐकून तुझी सून पदर तोंडात धरायची, म्हणून मीही कधी फार हट्ट केला नाही. तू म्हणालास, "गारड, तू तोडनारासले भलता धरं. आते लावनारासले धर." मग सांगितलंस. पाड्याला सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला होता. डोंगर आता तुमच्या ग्रामसभेनं राखायचा होता. पण राखायला डोंगरावर होतं काय? ढोलाला शिवण नाही, नांगराला तिवस नाही, आणि कळम, आम्ही कदंब म्हणतो तो, तर औषधालाही नाही.

कळमाचं तू मला तीनदा समजावून सांगितलंस, कारण पहिल्या दोन वेळा मी ऐकलंच नव्हतं. घरातलं कोणी मरणाच्या दारातून परत आलं, एखादं मागणं पुरं झालं, की तुमच्याकडे इंदल घालतात. आदल्या दिवशी कळमाच्या झाडाकडे जाऊन त्याला आमंत्रण द्यायचं, उद्या येतो म्हणून सांगायचं. दुसऱ्या दिवशी फांद्या उतरवायच्या. उतरवताना फांदी भुईला लागू द्यायची नाही, खाली उभ्या असलेल्यांनी ती वरच्या वर झेलायची. मग ढोल वाजवत, नाचत घरी आणून ती रोवायची. कळम नाही तर इंदल नाही. मी म्हटलं, दुसऱ्या झाडाची फांदी घेतली तर? तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं मी त्या पहिल्या दिवशी तुझ्याकडे पाहिलं होतं. पाड्यात किती घरांचे नवस तसेच अडून बसलेत, ते तू मला घराघरासमोर उभं राहून दाखवलंस.

मी आलो. कशासाठी आलो, हे तू विचारलं नाहीस. तो वाळवीनं खाल्लेला ओंडका आपल्या दोघांमध्ये होताच.

पहिल्या वर्षी माझ्या ज्ञानानं आपल्याला बुडवलं. ओढ्यापलीकडच्या देवाच्या जागेवर एकच म्हातारा कळम उरला होता. त्याची सुकलेली बोंडं तू पोत्यात भरून आणलीस. मी आयुष्यभर सागाची रोपं केलेली. वाफे ओढले, बी बोटाच्या पेराएवढं खोल पेरलं, वर माती दाबली, झारीनं पाणी दिलं. तू बाजूला बसून तंबाखू मळत होतास. म्हणालास, "इतलं खोल?" मी म्हणालो, "मी काय नवा शे का?" महिना गेला, दीड महिना गेला, वाफ्यात गवत उगवलं पण कळम काही उगवला नाही. कळमाचं बी म्हणजे धूळ. फुंकलं तर उडून जाणारं. त्याला मातीखाली घालणं म्हणजे पुरणंच.

दुसऱ्या वर्षी तू मला वाफ्याला हात लावू दिला नाहीस. फुटक्या माठाच्या खापऱ्या घेतल्यास, त्यात ओढ्याची बारीक रेती, वर राखेत कालवलेलं बी नुसतं भुरभुरलंस. पाणी वरून एक थेंब नाही. खापरी पाण्यात ठेवायची आणि तिनं खालून प्यायचं. वर ओलं गोणपाट ताणलेलं. अकराव्या दिवशी खापरीवर हिरवं शेवाळ धरल्यासारखं दिसलं. मी पुसायला बोट पुढं केलं आणि तू माझं मनगट धरलंस. ती रोपं होती. दाभणाच्या टोकाएवढी. त्या दिवशी आपण दोघं जमिनीवर पालथे पडून, नाकं खापरीला लावून बघत होतो आणि जमनाभाभी दारातून म्हणाली, "दोन्ही म्हातारा येडा व्हई गयात." बायकोच्या तोंडचं ते वाक्य तू नंतर सगळ्या पाड्याला सांगत फिरलास.

तो म्हातारा कळम त्यानंतरच्याच पावसाळ्यात मुळासकट ओढ्यात गेला. आपण एक वर्ष अजून हुशारी केली असती, तर हाती काहीच उरलं नसतं.

आणि लावताना पुन्हा भांडण. मी केळीच्या पट्ट्यातला माणूस. दोरी लावल्याशिवाय मला खड्डा खणता येत नाही. तू माझी दोरी गुंडाळून खिशात घातलीस. कळम ओढ्याकाठी, शिवण पायथ्याच्या खोल मातीत, तिवस उतारावर. "झाड काय शाळाना पोऱ्या शेत का, रांगमा उभा कराले?" मी चिडून ओढ्याकाठचे सगळे खड्डे एकट्यानं खणले आणि त्यात रोपंही एकट्यानं लावली, तुला दाखवायला की मला जमतं. तू खडकावर बसून बघत राहिलास. ओढ्याकाठचे ते कळम म्हणजे माझ्या उजव्या हाताची लावणी, हे तुझ्या लक्षात राहिलं होतं. मी विसरलो होतो.

मग तो ठराव. शिवण मांडीएवढे झाले तेव्हा कोणीतरी खालच्या गावातून येऊन दोन नेले. त्यानंतर एका नेत्याच्या सभेच्या मंडपाला म्हणून हिरव्या फांद्या ओरबाडून नेल्या. ग्रामसभेत तू उभा राहिलास. ठराव माझा नव्हता, लोक उगाच माझ्यावर ढकलतात. ठराव तुझा होता. पहिलं रोप लावलं तिथून दहा होळ्या, कोणी पानालाही हात लावायचा नाही. कोणी विचारलं, आणि देवाचं काम निघालं तर? तू म्हणालास, "मन्हा बाप उना तरी नही, देव उना तरी नही." मी वहीत लिहिलं, वाचून दाखवलं, आणि पहिला अंगठा तुझा उठला. शाई जास्त लागली होती. अजून त्या पानावर तो डाग आहे.

माझा लकवा तुला आठवतो का, हे विचारणं आता वेडेपणाच. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं, शब्द फुटेना, दवाखान्यात पडून होतो. गावाकडची माणसं यायची, पलंगापाशी उभी राहून माझ्या बायकोला डॉक्टरांची नावं सुचवायची आणि जायची. तू पाड्यावरून चौघांना घेऊन आलास. पिशवीतून मूठभर ज्वारी काढलीस, माझ्या मेलेल्या उजव्या हातात ठेवलीस, त्याची बोटं एकेक करून मिटलीस आणि वरून तुझे दोन्ही हात घट्ट धरून बसलास. मला हात कळत नव्हता, पण तुझं ओझं खांद्याला कळत होतं. मग ती ज्वारी काढून घेतलीस, मोजल्यासारखी पाहिलीस, फडक्यात बांधलीस आणि उठलास. नर्स म्हणाली, बाबा, दाणे सांडू नका. मला वाटलं, तुमच्याकडची काहीतरी समजूत असेल. मनातल्या मनात थोडा हसलोसुद्धा. तोंड वाकडं होतं म्हणून कोणाला दिसलं नाही.

सात महिन्यांनी माझ्या हाताला पेन धरता आलं. व्यायाम, गोळ्या आणि बायकोची शिस्त, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. पाड्यावर आलो तेव्हा तू पहिल्यांदा हात मागितलास. उलटा केलास, सुलटा केलास, "दाब" म्हणालास. मी दाबला. "बर शे," एवढंच बोललास आणि बकरीला आवाज दिलास.

आता त्या दिवसाकडे येतो. आलं पाहिजेच.

अंगणवाडीच्या ओट्यावर डोंगर राखायच्या समितीची बैठक होती. वही माझ्या मांडीवर. सगळे विषय संपले आणि तू कोपऱ्यातून म्हणालास, "माले कळमन्या पाच फांद्या पाहिजेत." सगळे वहीकडे बघू लागले. ठराव करणारा माणूसच मागतोय म्हटल्यावर कोण बोलणार? मी विचारलं, "कोनं काम शे?" तू म्हणालास, "देवनं." मी वही उघडली, ते पान काढलं आणि तुझ्यापुढं धरलं. "हाऊ अंगठा कोना शे?" तू वाकून बघितलंस. "मन्हाच शे." "मंग देवले सांग, आखो दोन होळ्या थांब."

ओटाभर हशा पिकला. तूही हसलास. अगदी मनापासून हसलास, डोळ्यांच्या कडा मिटून. मी वर म्हणालो, एवढी घाई असेल तर नदीपलीकडे मध्य प्रदेशात जा, तिकडून आण. आणि त्याच उजव्या हातानं वहीत लिहिलं, मागणी नामंजूर. अक्षर चांगलं आलं याचा मला आनंद झाला होता. घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज पूर्वीसारखं लिहिता आलं.

त्या संध्याकाळी तू मला जीपपर्यंत सोडायला आलास. वाटेत ओढ्याकाठी थांबलास. कळम चांगले दोन पुरुष उंच झाले होते, त्यांना पहिल्यांदा चेंडूसारखी फुलं आली होती. तू म्हणालास, "गारड, झाड नुसतं राखानं नही ऱ्हास. त्यानाकडे मांगानं बी ऱ्हास. ज्या झाडकडे कोनी काही मांगत नही, ते झाड कोनंच नही." मी म्हटलं, आज पाच मागितल्या, उद्या पन्नास मागतील, परवा तोच मंडपवाला येईल. मागणाऱ्याचं तोंड कोण धरणार? तू म्हणालास, मागणारा आणि नेणारा वेगळा असतो. मी म्हटलं, वहीला दोघं सारखेच. जीप आली. आपलं भांडण तिथंच राहिलं. नंतर वर्षभरात कितीदा भेटलो, पण तो विषय तू काढला नाहीस आणि मला वाटलं मीच जिंकलो.

खरं सांगू? तू मागणं हा शब्द वापरलास आणि मला फक्त परवानगी ऐकू आली. नोकरी संपली तरी कातडी खाकीच राहते.

तुझ्या बाराव्याला आलो तो इथंच राहिलो. जेवणं उरकली, माणसं पांगली. मी सवयीनं मधल्या खांबाला टेकून बसलो आणि तुझी बशी कोणी आणून देईना म्हणून मला एकदम रडू आलं. जमनाभाभी समोर येऊन बसली. म्हणाली, "गारड, त्यानं एक काम ऱ्हई गयं." तिनं वर पाहिलं. मीही पाहिलं.

"त्या दाना तुन्हा मूठमधला शेतस," ती म्हणाली.

मला कळायला वेळ लागला. मग तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी दवाखान्यात तू मनात नवस बोललास. गारडाचा हात परत आला, तर त्या हातानं लावलेल्या कळमाच्या पाच फांद्या आणून माझ्या घरी इंदल घालीन. दुसऱ्या कुठल्या झाडाची नाही, ओढ्याकाठचीच. म्हणून तू नदीपलीकडे गेला नाहीस. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? एक शब्द बोलला असता तर! ती म्हणाली, "ज्यानासाठे बोलं, त्याले सांगानं नही ऱ्हास. फेडाना दिन बलावानं ऱ्हास." तुमच्या घरची रीत. तू बैठकीत सगळ्यांसमोर उभा होतास, ओठावर माझं नाव होतं, आणि मी तुझ्या तोंडासमोर तुझाच अंगठा नाचवत होतो. ज्या हातासाठी मागत होतास, त्याच हातानं नामंजूर लिहिलं. देवाला दोन होळ्या थांबायला सांगितलं, तेही माझ्याच जिवाच्या बदल्यात. आणि तू हसलास. दित्या, तू कशाला हसलास रे? एक शिवी दिली असतीस तरी आज मला बरं वाटलं असतं.

त्या दोन होळ्यांपैकी एक झाली. महिन्याभरापूर्वीच. तू त्यात ढोल वाजवलास, जुनाच, आपल्या शिवणाचा नव्हे, ते शिवण अजून तेवढे जाड नाहीत. मी तुझ्या शेजारी उभा होतो आणि तू माझ्या उजव्या हातात टिपरी देऊन म्हणालास, मार. मी मारली. दुसरी होळी तुझ्या वाट्याला नव्हती.

काल ग्रामसभा होती. मी तिथला सभासद नाही, पण मला बोलू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी नियम मोडायची मागणी करायला उभा राहिलो. म्हटलं, ठराव लिहिणारा मी, नाही म्हणणारा मी, आणि नवस माझ्याच जिवाचा. आजच पाच फांद्या उतरवू, दित्याचं काम उरकू, त्याचा जीव कशाला अडकवून ठेवायचा? पुढं बसलेली म्हातारी माणसं मान हलवू लागली. कोणीतरी वहीकडे हात केला. ज्या माणसासाठी इतकी वर्षं कोणी पान तोडलं नाही, त्याच्यासाठी सगळे तयार होते.

जमनाभाभी बायकांमधून उठली. ती सभेत कधी बोलत नाही, तुला माहीत आहे. पदर सारखा केला आणि म्हणाली, "तो गया. त्याना अंगठा नही गया. दोन होळ्या सांग्यात, त दोन होळ्या."

मग माझ्याकडे बघून, जरा हळू आवाजात, "तू एक होळी जग, गारड. इतलंच कर."

वही मिटली. मी खाली बसलो. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेली बाई त्याच्या नवसाला वर्षभर थांबायला तयार होती, आणि मी, नियमाचा बडगा मिरवणारा, एका दिवसात लाच देऊन मोकळा व्हायला निघालो होतो. हो, लाचच. फांद्या तुझ्या नवसासाठी नको होत्या मला. माझ्या मनाची टोचणी थांबावी म्हणून हव्या होत्या.

तरी तुला खरं सांगतो, आजही मला वाटतं की ठराव बरोबर होता. तेच जास्त दुखतं. चुकीच्या गोष्टीपायी तुला नाही म्हटलं असतं तर पाय धरून मोकळा झालो असतो. आता धरू कोणाचे? तुझं म्हणणंही बरोबर आणि माझंही, आणि तू मधूनच उठून गेलास. भांडणात असं उठून जायचं नसतं, हे तुझ्यासारख्या जाणत्या माणसाला मी सांगावं का?

आज सकाळी जायच्या आधी ओढ्याकाठी गेलो. एकटाच. आमंत्रण आदल्या दिवशी द्यायचं असतं, वर्षभर आधी नाही, हे मला माहीत आहे. पण मला घाई असते, तुला ठाऊक आहेच. पाचवा कळम, ज्या खडकावर बसून तू माझी फजिती बघत होतास त्याच्या शेजारचा, त्या झाडाच्या बुंध्याला उजवा हात लावला. कोणत्या बोलीत सांगावं कळेना. पावरीत सुरुवात केली, दोन शब्दांत अडकलो. शेवटी आमच्याच बोलीत सांगितलं, की पुढच्या होळीनंतर दित्याच्या घरून माणसं येतील, पाच फांद्या मागतील, नेणार नाहीत, मागतील. झाडाला हे पटलं की नाही माहीत नाही. मी मात्र पहिल्यांदाच एखाद्या झाडाशी बोललो. नोकरीत असताना हे केलं असतं तर खात्यानं निवृत्तीच्या आधीच घरी पाठवलं असतं.

फांदी उतरवायला तुझा मुलगा चढणार आहे. खाली झेलायला माणूस लागेल. ज्याच्यासाठी नवस बोलला, त्यानंच पहिली फांदी झेलायची असते, असं जमनाभाभी म्हणाली. ही रीत खरी की तिनं मला कामाला लावलं, हे तू असतास तर विचारलं असतं. माझा हात अजून पुरता आलेला नाही, दित्या. पेन धरतो, बशी धरतो, जड काही धरलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुटतं. तुला ते माहीत होतं, तू दाबून बघितलं होतंस ना, आणि तरी "बर शे" म्हणालास.

डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू मी कपाटात टाकून दिला होता. घरी पोचल्यावर आधी तो काढणार आहे. सकाळी शंभरदा, संध्याकाळी शंभरदा. एक वर्ष आहे हातात. फांदी भुईला लागू देणार नाही.